हात वर करायची घाई नको: जाम खांदा कसा सोडवावा

जाम खांदा घेऊन आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आधीच हात वर करून दाखवतो. “बघा ना मॅडम, इतकाच जाते.” खांदा कानापाशी उचकलेला, मान कलती, दातावर दात. मी त्यांना हात खाली घ्यायला सांगते. कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा, अंगठा छताकडे ठेवा आणि आता कवाड उघडावं तसा पंजा बाहेरच्या बाजूला न्या. कोपर कमरेपासून सुटू द्यायचं नाही.

बरा हात आरामात बाहेर जातो. दुखरा हात नाकासमोरून जेमतेम चार बोटं सरकतो आणि खुंटीला बांधल्यासारखा थांबतो. मग मी मनगट धरून स्वतः हलकेच नेऊन बघते. तरीही तिथंच. ती अडवणूक माझ्या हाताला जाड कातड्याचा पट्टा ताणल्यासारखी लागते. माझी निम्मी तपासणी इथंच झालेली असते.

नागपुरात मानेवाडा भागात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, दोन टेबलांचं. 18 वर्षं हे काम करतेय. हे लिहितेय ते खांदा धरलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, कारण या दुखण्यात माझ्या टेबलावर आठवड्याचे दोन-तीन तास जातात, बाकी सगळं घरी घडतं. आणि घरी जो तो हात वर न्यायच्याच मागे लागलेला असतो. जाम खांद्यात सगळ्यात जास्त हरवतं ते हात बाहेर फिरवणं. हात बाजूने वर जाताना दंडाचं हाड आपसूक बाहेरच्या बाजूला फिरतं, तेव्हा कुठे त्याचा उंचवटा खांद्यावरच्या हाडाच्या छपराखालून सुटतो. ते फिरणंच बंद असेल तर हात वर ढकलून उपयोग नाही, उंचवटा छपराला जाऊन अडतो. म्हणून आधी बाहेर फिरवणं परत आणायचं.

आधी खात्री

दुसऱ्याने नेऊनही हात अडत असेल तर खांदा बहुधा जाम आहे. स्वतःला नेता येत नाही, पण दुसऱ्याने नेला की सुरळीत जातो, असं असेल तर बहुधा टेंडनची भानगड आहे, म्हणजे स्नायूची दोरी सुजलेली किंवा फाटलेली. त्याचा उपचार वेगळा. पडल्यामुळे हात उचलत नसेल तर आधी एक्स-रे. ताप आहे, खांदा लाल-गरम आहे, कारण नसताना वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सरचा उपचार झालाय किंवा हाताला बधिरपणा येऊन पकड ढिली पडलीय, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय व्यायामाला हात घालू नका. आणि जिना चढताना डावा खांदा दुखतो, छातीवर दडपण येतं, घाम फुटतो, असं कोणी सांगितलं तर मी त्यांना टेबलावर घेतच नाही. मेडिकल असो की मेयो, नागपुरातल्या या दोन सरकारी दवाखान्यांपैकी जो जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत लगेच जायला लावते.

जाम खांद्याचा एक्स-रे सहसा साफ येतो. तो पाहून घरचे म्हणतात, काहीच नाही निघालं, उगाच करते ही. तसं नसतं. एक्स-रेत हाडं दिसतात, आणि बिघाड हाडांभोवतीच्या पिशवीत असतो.

अजून एक. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, पडलं-झडलं नसताना खांदा धरला तर शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेह असलेल्यांना हे दुखणं इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं आणि सुटायलाही जास्त वेळ घेतं. “मला नाही जी शुगर” म्हणणाऱ्यांपैकी काहींची शुगर माझ्याकडे येऊन, खांद्याच्या निमित्तानेच कळलीय.

आत काय झालेलं असतं

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. शिंपी झब्ब्याच्या काखेत मुद्दाम सैल कापड सोडतो, हात वर करताना शिवण फाटू नये म्हणून. या पिशवीलाही काखेत तशी सैल घडी असते. आधी पिशवीला सूज येते, मग ती जाड होते, आकसते आणि घडी आपसात चिकटते. निरोगी सांध्यात 20 मिलीच्या आसपास द्रव मावतो, जाम झालेल्या सांध्यात 10 मिलीही धड मावत नाही. पिशवीच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यात एक घट्ट पट्टा असतो, तो सगळ्यात जास्त आवळतो. हात बाहेर फिरवणं हरवतं ते त्याच्यामुळे. काखेतली घडी चिकटली की हात बाजूने वर जात नाही.

बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी 1934 मध्ये याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं आणि ते नाव रुळलं. पिशवी जाड होऊन आकसते हे 1945 मध्ये अमेरिकेचेच सर्जन नेवियासर यांनी दाखवलं. हे सांगायचं कारण इतकंच की याला वात, गॅस किंवा ‘नस चढली’ म्हणून वर्ष घालवणारे लोक आजही माझ्याकडे येतात. कूलरवरही फार आळ येतो. कूलरच्या थेट झोतात झोपल्याने मान-खांद्याचे स्नायू आखडतात आणि सकाळी जास्त टोचतं, हे खरं. पण कूलरने कॅप्सूल चिकटत नाही.

कोणता टप्पा चालू आहे

या दुखण्याचे तीन टप्पे. पहिला ठणक्याचा: रात्री जाग येते, त्या कुशीवर झोपता येत नाही, हाताला झटका बसला की डोळ्यात पाणी येतं आणि हालचाल दर आठवड्याला कमी होत जाते. हा दोन ते नऊ महिने चालतो. दुसरा जाम टप्पा: ठणका ओसरतो, रात्री झोप लागते, पण हात ठरावीक जागी अडतो. पोलक्याचं हूक लागत नाही, मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही. हा चार महिने ते वर्षभर. तिसऱ्यात हळूहळू सुटत जातो, त्याला आणखी वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

तारखा कोणाच्या लक्षात नसतात, म्हणून मी सण विचारते. “पोळ्याला पुरणाचं पातेलं उतरवताना कळ आली, दिवाळीत झोप नव्हती, आता संक्रांत झाली तर झोप लागते पण हात मागं जाऊनच नाही राह्यला.” बस, टप्पा कळला. पोळा ते दिवाळी ठणका, आता जाम.

टप्पा ओळखायचा तो जोर किती लावायचा हे ठरवायला. इथे मी आण्यांचा हिशेब वापरते. सहनच होणार नाही असं दुखणं सोळा आणे धरा. ठणक्याच्या टप्प्यात व्यायाम करताना दुखणं चार आण्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ताण पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. जाम टप्प्यात आठ आण्यांपर्यंत चालेल, ताण वीस-तीस सेकंद धरायचा, मात्र थांबल्यावर अर्ध्या तासात दुखणं मूळपदावर आलं पाहिजे. आणि दोन्हींवर एकच पंच: रात्र. व्यायामानंतरची रात्र आधीच्या रात्रीपेक्षा वाईट गेली तर दुसऱ्या दिवशी जोर निम्मा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी नागपूरच्याच महाल भागातल्या एक काकू यायच्या. मुलीचं लग्न दीड महिन्यावर, मांडवात हात उचलता यायला हवा म्हणून त्या हट्टाला पेटलेल्या, आणि मीही. रोज त्यांचा हात मी वर रेटत होते. त्या पदर तोंडात धरायच्या, मी मोजून सांगायचे, पाच अंश वाढले. तिसऱ्या आठवड्यात मोजलं तर 110 अंशांवरून हात 90 वर आलेला. तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं, आई रात्र-रात्र बसून काढतात, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. त्या ठणक्याच्या टप्प्यात होत्या आणि मी जाम टप्प्याचा उपचार करत होते. सुजलेल्या पिशवीला रोज नव्याने दुखावत होते. लग्नात त्यांनी अक्षता डाव्या हाताने टाकल्या. तेव्हापासून टेबलावर घेण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: रात्र कशी गेली?

नंतर एक डच अभ्यास वाचनात आला, 2004 चा. 77 रुग्णांना दोन वर्षं पाहिलं होतं. दुखणार नाही इतक्याच मर्यादेत हात वापरणाऱ्यांपैकी 89 टक्के लोकांचा खांदा दोन वर्षांनी जवळपास पूर्ववत होता. दुखण्यापलीकडे जोर लावून ज्यांचा खांदा ताणला गेला, त्यांच्यात हेच प्रमाण 63 टक्के. वाचताना मला त्या काकू आठवल्या.

ठणका असताना घरी काय करायचं

झोप आधी. उताणं झोपा आणि दुखऱ्या दंडाखाली, कोपरापासून खांद्यापर्यंत, घडी केलेली चादर किंवा पातळ उशी ठेवा, म्हणजे कोपर मागे लटकणार नाही. कुशीवर झोपायची सवय असेल तर बऱ्या कुशीवर झोपून छातीपाशी जाड उशी कवटाळा आणि दुखरा हात तिच्यावर ठेवा. दंडाचं वजन उशीने घेतलं की खांद्यावरची ओढ थांबते. एवढ्या एका बदलाने पहिल्या आठवड्यात झोप सुधारलेले कितीतरी लोक आहेत.

हात गळ्यात बांधून ठेवू नका. जेवण, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, सगळं कमरेच्या उंचीला चालू ठेवा. फक्त झटका टाळा. आपल्याकडे उन्हाळ्यात झटक्याचं मोठं कारण म्हणजे कूलरमध्ये बादलीने पाणी टाकणं. पाइप लावून घ्या किंवा दुसऱ्याला सांगा. स्कूटी डबल स्टँडवर चढवणंही नको.

मग लटकत्या हाताचा व्यायाम, जो कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वयंपाकाच्या ओट्यावर बरा हात टेकवून कमरेतून पुढे वाका, दुखरा हात भिजलेल्या टॉवेलसारखा खाली सोडा. आता हात हलवायचा नाही, अंग हलवायचं. पायांवरचं वजन पुढे-मागे, डावी-उजवीकडे करा, हात त्याच्या मागे आपोआप झुलतो. पुरीएवढी वर्तुळं पुरेत. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. हात स्वतः फिरवायला गेलात तर स्नायू घट्ट होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. बघायचं असेल तर बोटं बघा: ढिली, लोंबती असतील तर बरोबर चाललंय. वाकल्यावर चक्कर येत असेल तर हा व्यायाम सोडा, त्याऐवजी टेबल-सरक करा.

टेबल-सरक म्हणजे जेवणाच्या टेबलाशी बसून, तळहाताखाली कोरडं फडकं घेऊन हात पुढे सरकवत जाणं आणि मागोमाग छाती टेबलाकडे झुकवणं. इथेही हात पुढे रेटायचा नाही, अंग झुकलं की हात आपोआप वर गेल्यासारखा होतो. दहा वेळा. भिंतीवर हात चढवण्यापेक्षा या टप्प्यात हे कितीतरी बरं, कारण हाताचं वजन टेबल उचलतं.

आणि बाहेर फिरवणं, अगदी हलकं. उताणं झोपा, कोपराखाली टॉवेलची घडी, कोपर काटकोनात. वायपरची दांडी दोन्ही हातांत आडवी धरा आणि बऱ्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकला. चार आणे दुखलं की पाच सेकंद थांबा, परत या. दहा वेळा, दिवसातून दोनदा. कोपर घडीवरून हलता कामा नये. हलतंय असं वाटलं तर कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल दाबून धरा. रुमाल पडला की समजायचं, कोपर सुटलं.

मागे हात नेण्याचे व्यायाम या टप्प्यात पूर्ण बंद. दुपट्ट्याने पाठ पुसल्यासारखा जो व्यायाम सगळे व्हिडिओत बघून करतात, तो ठणक्यात सगळ्यात जास्त त्रास देतो.

टेबलावर मी काय करते

हे सविस्तर सांगते, कारण आपल्यावर काय केलं जातंय हे रुग्णाला कळलं तर तो अंग सैल सोडतो, आणि सैल सोडल्याशिवाय यातलं काहीच साधत नाही.

उताणं झोपवते. फऱ्याच्या म्हणजे पाठीच्या पात्याच्या हाडाखाली टॉवेलची घडी सारते, म्हणजे ते हाड पक्कं राहतं आणि हालते ती फक्त दंडाच्या हाडाची गोटी. हात अंगापासून थोडा दूर, जिथे खांद्याला सगळ्यात निवांत वाटतं तिथे. माझ्या एका हाताने त्यांचं कोपर पेलते, दुसऱ्या तळव्याचा खळगा खांद्याच्या गोटीवर पुढून ठेवते. आधी गोटी सांध्यापासून किंचित बाहेर ओढते, एखाद-दोन मिलिमीटर. मग जमिनीच्या दिशेने दाब, सोड, दाब, सोड, सेकंदाला दोनेक वेळा. पाहणाऱ्याला वाटतं मॅडम नुसता हात ठेवून बसल्यात.

या दाबाच्या चार पायऱ्या असतात, ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी घालून दिलेल्या. पहिल्या दोन अडवणुकीपर्यंत पोचतच नाहीत, त्या दुखणं शमवायला. तिसरी आणि चौथी अडवणुकीत शिरतात, त्या आकसलेली पिशवी ताणायला. ठणक्याच्या टप्प्यात मी दुसरीच्या पुढे जात नाही. जाम टप्प्यात तिसरी-चौथी, आणि शेवटी त्या जागी अर्धा-एक मिनिट धरून ठेवते.

इथे एक गोष्ट माझ्या क्षेत्रातल्या नव्या मुला-मुलींनी वाचावी. हात बाहेर फिरवायचा तर गोटी पुढे सरकवा असं आपण शिकतो. माझा अनुभव उलटा आहे: गोटी मागे सरकवली तर हात जास्त बाहेर फिरतो. 2007 मध्ये जेमतेम 20 रुग्णांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात मागे सरकवलेल्या गटाला सरासरी 31 अंश मिळाले आणि पुढे सरकवलेल्या गटाला तीन. अभ्यास लहान आहे, पण तो वाचल्यापासून मी जाम टप्प्यात हात जेवढा बाहेर फिरतो तेवढा फिरवून ठेवते आणि तिथे गोटी मागे दाबते, आणि मला फळ मिळतं.

त्यानंतर काखेतली घडी. हात बाजूने 45 अंशांपर्यंत नेऊन, गोटीवर वरून, पायाच्या दिशेने दाब. मग कूस बदलून फरा हातात धरून वर-खाली, गोल फिरवते, कारण महिनोन् महिने खांदा उचकवून वापरल्याने तोही पाठीला चिकटल्यासारखा झालेला असतो. काखेत बोटं घालून फऱ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू सैल करते. ही जागा फार हळवी असते, म्हणून आधी सांगून, नखं कापलेल्या बोटांनी, श्वासाच्या लयीत. तो सैल पडला की पुढचं तंत्र चालतं: हात बाहेर फिरवून अडेल तिथे थांबायचं, रुग्णाने माझ्या हातावर आतल्या बाजूला हलका जोर द्यायचा, पाच-सहा सेकंद, ताकदीच्या चौथ्या हिश्श्याने. मग “सोडा” म्हटलं की श्वास सोडत सैल. त्या सैल क्षणी हात दोन-तीन अंश आणखी बाहेर येतो. असं चार-पाच वेळा.

एसटीतले एक कंडक्टर काका होते, घंटीच्या दोरीपर्यंत हात जात नव्हता. पहिल्या दिवशी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला तर बाहेर फिरणं 15 अंश. सहा आठवडे आम्ही हात वर नेण्याचा विषयच काढला नाही. बाहेर फिरणं 40 वर आलं आणि त्याच आठवड्यात ते म्हणाले, “मॅडम, काल दोरी धरली. पाहूनच नाही राह्यलो, हात गेला.”

यंत्रांबद्दल पुष्कळ विचारलं जातं. आयएफटीच्या, म्हणजे हलका विजेचा प्रवाह सोडणाऱ्या यंत्राच्या, मुंग्यांनी तात्पुरता आराम पडतो, अल्ट्रासाउंडचा मला तर काही टिकाऊ फायदा दिसलेला नाही. पाऊण तासातली चाळीस मिनिटं यंत्रं लावून पाच मिनिटं हात हलवत असतील तर विचारा की माझ्या खांद्याला हात कधी लावणार.

जाम टप्प्यातला घरचा व्यायाम

आधी शेक, मग ताण. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15 मिनिटं. मधुमेहाने कातडी बधिर झाली असेल तर उष्णता बऱ्या हाताने आधी तपासा, पिशवीवर झोपू नका. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना शेक घ्या म्हटलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. तेव्हा पिशवीची गरजच नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं, हाताला सोसेल इतपत साधं पाणी मिसळून खांद्यावर पाच-सात मिनिटं घ्या आणि लगेच व्यायामाला लागा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र शेक चुकवू नका, सकाळी सात वाजता गार खांद्याला ताण दिला तर तो दिवसभर कुरकुरतो.

क्रम असा ठेवा. पहिला दांडीचा व्यायाम, आता आठ आण्यांपर्यंत, वीस-तीस सेकंद धरून, पाच वेळा. दुसरा दरवाजाचा: कोपर कमरेला, तळहात चौकटीला टेकवा आणि पावलं हळूहळू विरुद्ध बाजूला वळवा, हात तिथेच राहतो आणि अंग फिरतं. तिसरा हात वर: उताणं झोपून बऱ्या हाताने मनगट धरून डोक्याकडे. चौथा दुखरं कोपर बऱ्या हाताने धरून छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे, खांद्याची मागची बाजू ताणायला. आणि शेवटी, दुपट्टा. आपल्याकडे उन्हात तोंडाला बांधायला तो घरोघरी असतोच. बरा हात वरून मानेमागे, दुखरा खालून कमरेमागे, दोघांनी दुपट्टा धरायचा आणि वरच्या हाताने सावकाश ओढायचा. शेवटी ठेवला कारण हा व्यायाम सगळ्यात जास्त दुखतो आणि ही हालचाल सगळ्यात शेवटी परत येते. हूक लागायला वर्ष लागलं म्हणून खचू नका. तोवर पुढून हूक असलेले कपडे शिवा, आधी दुखरा हात बाहीत घाला आणि काढताना तो शेवटी काढा.

दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं. रविवारी तासभर आणि बाकी दिवस सुट्टी, हे चालत नाही.

भिंतीवर बोटं चढवायला माझी हरकत नाही, पण आरशासमोर. खांदा कानाकडे निघाला की ती उंची खोटी. बरेच जण भिंतीवर पेन्सिलने खुणा करतात, खुणा वर जातात आणि बाहेर फिरणं तिथंच असतं. मोजायचं तर दर रविवारी बाहेर फिरणं मोजा: भिंतीला पाठ लावून, कोपर कमरेला, तळहात एकमेकांसमोर धरून पंजे बाहेर न्या आणि दोन्ही मनगटांचं भिंतीपासूनचं अंतर घरच्यांना पट्टीने मोजायला सांगा. दुखऱ्या बाजूचा आकडा कमी होत जाईल. महिन्यात एक-दोन सेंटीमीटर जरी घटले तरी खांदा सुटतोय.

हाताला ताकद देणारे व्यायाम, रबरी पट्टा वगैरे, हालचाल निम्म्याहून जास्त परतल्यावर. आधी फक्त दोन्ही फरे मागे ओढून पाच सेकंद धरणं, जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा.

इंजेक्शन, ऑपरेशन आणि ‘झटका’

ठणक्याच्या टप्प्यात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सुचवलं तर घाबरू नका. दुखणं उतरतं, झोप लागते आणि व्यायाम करता येतो. मी स्वतः रुग्णांना त्यासाठी पाठवते. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस शुगर वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि घरी तपासत राहा. इंजेक्शन घेऊन व्यायाम सोडला तर फायदा काही आठवड्यांत ओसरतो.

ऑपरेशनची घाई नको. ब्रिटनमधला 503 रुग्णांचा मोठा अभ्यास 2020 मध्ये आला. इंजेक्शनसह ठरवून दिलेली फिजिओथेरपी, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन या तिघांची तुलना होती. वर्षाअखेर कोणतंही एक स्पष्टपणे सरस ठरलं नाही. सहा-आठ महिने मनापासून व्यायाम करूनही खांदा अडलेलाच असेल तर जरूर सर्जनशी बोला.

पण चटईवर झोपवून, पाय रोवून हात उपटणाऱ्यांकडे जाऊ नका. भूल नसताना, आतलं काही न पाहता दिलेल्या एका झटक्याने पन्नाशीच्या ठिसूळ हाडाचा दंड मोडलेला मी पाहिलाय. ती बाई खांद्यासाठी गेली होती आणि तीन महिने प्लास्टर घेऊन बसली.

मी उपचार थांबवते ते दुखरं बाहेर फिरणं बऱ्या हाताच्या तीन चतुर्थांशापर्यंत आलं आणि रात्रीची झोप महिनाभर सलग लागली की. त्यानंतर घरचा व्यायाम दिवसातून एकदा, सहा महिने. आणि दुसरा खांदा विसरू नका. एक सुटल्यावर पुढच्या काही वर्षांत दुसरा धरल्याची उदाहरणं कमी नाहीत, मधुमेहात जास्तच. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही कोपरं कमरेला लावा, अंगठे वर, दोन्ही कवाडं एकदम उघडा. बरं कवाड अडायला लागलं असेल तर त्याच आठवड्यात या, पुढच्या पोळ्याची वाट पाहू नका.